रामेश्वरमच्या मशीद गल्लीत

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रामेश्वरमला निघालो आहोत, असे सांगितल्यावर मोहल्ल्यात पहिला प्रश्न आला तो असा : "रामेश्वरला? तिथं तुमचं काय काम?" फजरनंतर मशिदीच्या ओट्यावर बसणाऱ्या एका बुजुर्गांनी तर हसत हसत विचारले, "गंगेचं पाणी घेऊन चाललात की काय?" कुवेतहून मेहुण्यांचा फोन आला, त्यांचे म्हणणे वेगळे होते. "एवढे पैसे गाडीभाड्यात घालवण्यापेक्षा पोराला क्लास लावला असता तर?"

मेहुण्यांचे चुकत नव्हते. पण या प्रवासाचे मूळ त्यांच्याच पोरात होते. माझा भाचा नववीत शिकतो. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात २०१५ पासून तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळेत भाच्याला भाषण करायचे होते. भाषण कुणीतरी लिहून दिलेले, याने फक्त पाठ करायचे. त्यात एक वाक्य होते की, दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरम स्टेशनवर गाडी थांबणे बंद झाले, वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून बाहेर फेकले जात आणि छोटा कलाम ते गोळा करी. तालमीच्या वेळी भाच्याने विचारले, "गठ्ठा फेकल्यावर फुटत नसेल का? पेपर उडून जात नसतील?" उत्तर मिळाले, "जेवढं लिहिलंय तेवढं बोल."

रात्री त्याने तोच प्रश्न मला विचारला. मी आमच्या जमातीच्या तालीम कमिटीचा सेक्रेटरी. जूनमधल्या वह्यावाटपाचा हिशेब तेव्हाही जुळत नव्हता, समोर पावत्यांचा ढीग होता. मी म्हणालो, "आता डोकं खाऊ नकोस. भाषण पाठ कर." भाषणाला दुसरे बक्षीस मिळाले. चार दिवसांनी बहीण म्हणाली, "भाई, हा आता काहीच विचारत नाही. दहावी झाली की एसीचं काम शिकून अब्बांकडे जातो म्हणतो."

एसीचे काम काही कमी दर्जाचे नाही. आमच्या खाडीकाठच्या निम्म्या घरांच्या चुली आखातातल्या अशाच कामांवर पेटल्या आहेत, माझ्या वालिदांची सगळी उमर जहाजावर गेली. पण चौदाव्या वर्षी पोरगा विचारायचेच बंद करतो आणि त्यात आपला हात आहे, हे कळल्यावर मला झोप लागेना. म्हणून बहीण, भाचा आणि मी, असे तिघे निघालो. मुंबईहून चेन्नई आणि तिथून रात्रीची गाडी.

पहाटे डब्यात एकदम गडबड उडाली. पामबनचा पूल आला होता. रामेश्वरम हे बेट. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधल्या समुद्रावर १९१४ साली रेल्वेपूल बांधला गेला, लांबी सुमारे दोन किलोमीटर. जहाज आले की त्याचा मधला भाग दोन बाजूंना उघडे आणि तो उघडायला माणसे हाताने यंत्र फिरवत. तो म्हातारा होऊन बाजूला उभा होता. ६ एप्रिल २०२५ पासून गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात, ज्याचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. भाचा खिडकीच्या गजाला नाक लावून जुन्या पुलाकडे पाहत होता. विचारत मात्र काही नव्हता.

मशीद गल्ली सापडायला वेळ लागला नाही. रामनाथस्वामींच्या देवळापासून पायी दहा मिनिटे. वाटेत शंख-शिंपल्यांची दुकाने, ओल्या कपड्यांनी फिरणारे यात्रेकरू. गल्लीत कलाम कुटुंबाचे घर आहे, वरच्या मजल्यावर संग्रहालय केले आहे. फोटो, पदके, पत्रे, भारतरत्न. गर्दी इतकी की मागचा माणूस पुढच्याला ढकलत होता. सगळे फोटो काढत होते आणि बाहेर पडत होते. आम्हीही तेच केले.

पेईकरुम्बू येथे कलाम साहेबांची कबर आहे. २७ जुलै २०१५ रोजी शिलाँगला त्यांचे निधन झाले, दफन इथे झाले आणि दोन वर्षांनी त्याच तारखेला राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन झाले. आम्ही फातिहा पढलो. स्मारक भव्य आहे, दार इंडिया गेटच्या धर्तीचे, रॉकेटच्या प्रतिकृती, सगळे चकचकीत. खरे सांगायचे तर माझे मन तिथे रमले नाही. रॉकेट उडवणारा माणूस तिथे दिसतो, पण त्या पोराला वर पाहायला ज्यांनी शिकवले ती माणसे दिसत नाहीत. मला ती हवी होती. ती मशीद गल्लीतच शोधावी लागतात, आणि तीसुद्धा कलाम साहेबांनी स्वतः जे लिहून ठेवले आहे त्याच्या आधाराने. 'अग्निपंख' या नावाने ते मराठीत कित्येक घरांत आहे.

संध्याकाळी आम्ही पुन्हा गल्लीत आलो आणि मी भाच्याला एकेकाची ओळख करून देऊ लागलो.

पहिले वालिद, जैनुलाब्दीन. नावांचे मालक आणि मशिदीचे इमाम. शिक्षण फार नव्हते, पैसाही बेताचा. पहाटेची नमाज झाली की चार मैलांवरच्या नारळीच्या बागेत चालत जायचे आणि डझनभर नारळ खांद्यावर घेऊन परतायचे. लोक पाण्याची वाटी घेऊन दुआसाठी मशिदीबाहेर उभे राहत. पोराने विचारले, नमाजला अर्थ काय, लोक तुमच्याकडे का येतात? इमाम साहेबांनी त्याला गप्प केले नाही. गहन गोष्ट साध्या तमिळमध्ये समजावून सांगायची त्यांची हातोटी होती. देवळाचे मुख्य पुजारी पक्षी लक्ष्मण शास्त्री हे त्यांचे जिवलग. दोघे आपापल्या पेहरावात बसून दीन-धर्माच्या गोष्टी बोलत आणि पोरगा ऐकत असे.

याच शास्त्रींचा मुलगा रामनाथ शास्त्री हा कलामचा बाकावरचा सोबती. पाचवीत नवे मास्तर आले. पुरोहिताचा मुलगा मुसलमान मुलाशेजारी बसलेला त्यांना पाहवेना. त्यांनी कलामला उठवून मागच्या बाकावर बसवले. इकडे कलाम खट्टू, तिकडे रामनाथच्या डोळ्यांत पाणी. दोन्ही घरी गोष्ट कळली. लक्ष्मण शास्त्रींनी मास्तरांना बोलावून घेतले आणि कडक शब्दांत सुनावले : माफी मागा, नाहीतर शाळा आणि बेट दोन्ही सोडा. मास्तरांनी माफी मागितली आणि पुढे ते बदललेही. हे सांगताना बहीण मध्येच म्हणाली, "शास्त्री गप्प बसले असते तर?" मी काही बोललो नाही.

माझ्या मनातला खरा माणूस मात्र अहमद जलालुद्दीन. कलामपेक्षा पंधरा-एक वर्षांनी मोठे, पुढे मोठ्या बहिणीचे, जोहराचे, शौहर झाले. ठेकेदारीची छोटी-मोठी कामे करायचे. घरच्या ओढगस्तीमुळे त्यांना शाळा लवकर सोडावी लागली होती. पण त्या काळी बेटावर इंग्रजी लिहिता येणारे ते एकटेच. कुणाचा अर्ज असो की पत्र, ते लिहून देत. रोज संध्याकाळी हा वयाने मोठा माणूस त्या पोराला बरोबर घेऊन फिरायला निघे. मशीद गल्लीतून समुद्राच्या दिशेने, देवळाला वळसा घालून. चालता चालता नवे शोध, नवी पुस्तके, डॉक्टरी विद्येत काय चालले आहे, हे सांगे. आपल्याला जे शिकायला मिळाले नाही त्याची चिडचिड न करता ते पोराच्या झोळीत टाकणारा माणूस, वाचकहो, मी माझ्या मोहल्ल्यात आठवून पाहिला. एक-दोन होते. आम्ही त्यांना कमिटीवर कधी घेतले नाही, कारण ते वर्गणी देऊ शकत नव्हते.

मग एस. टी. आर. माणिकम. स्वातंत्र्यलढ्यातले जुने क्रांतिकारक. बेटावर पुस्तक ही चीज दुर्मिळ, पण यांच्या घरी बरीच होती. ते पोराला म्हणत, हवे ते ने, वाच. पोरगा नेत असे. एवढेच. पण या 'एवढ्या'साठी कपाट उघडे असावे लागते. आमच्या जमातीच्या ऑफिसात पुस्तकांचे एक लोखंडी कपाट आहे. कुणा दात्याने दिलेले. त्याला कुलूप आहे आणि त्याची किल्ली अनेक वर्षे माझ्या जुडग्यात आहे. मशीद गल्लीत उभे राहून खिशात हात घातला तेव्हा ती बोटांना लागली.

चौथा चुलतभाऊ शम्सुद्दीन, बेटावरचा एकमेव पेपरविक्रेता. शहरात वाचता येणारे लोक हजाराच्या आसपास, आणि त्या सगळ्यांना पेपर पुरवणारा हा एकटा. 'दिनमणी'ला मागणी सर्वांत जास्त. लढाईत गाडी थांबणे बंद झाले आणि रामेश्वरम ते धनुष्कोडी या पट्ट्यात गठ्ठे बाहेर फेकले जाऊ लागले. ते झेलायला शम्सुद्दीनला जोडीदार हवा होता. कलामची ही पहिली कमाई.

इथे भाचा थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून म्हणाला, "मामू, झेलायला? की पडलेले उचलायला?"

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. उद्या बघू या."

दुसऱ्या दिवशी फजरला आम्ही मशिदीत गेलो. भाषा कळत नव्हती, चेहरे अनोळखी. दुसऱ्या रकातीत रुकूवरून उठल्यावर इमाम साहेबांनी हात उचलून कुनूत सुरू केली आणि मला एकदम आपल्या गावी आल्यासारखे वाटले. तमिळ किनाऱ्यावरचे मरैक्कायर आणि आपण कोकणी, दोघेही शाफई. दोघांचाही समुद्राशी जुना संबंध. सलाम फिरवल्यावर भाचा कुजबुजला, "मामू, यांना कुनूत कुणी शिकवली? अरबांनी? आपल्याला पण त्यांनीच? गलबतातून?" एका दमात तीन प्रश्न. मी मनात अल्हम्दुलिल्लाह म्हटले. समुद्रमार्गाने येणाऱ्या अरब व्यापाऱ्यांविषयी जेवढे माहीत होते तेवढे सांगितले.

बाहेर टपरीवरून 'दिनमणी'ची कालची रद्दी घेतली, सुतळी घेतली आणि धनुष्कोडीसाठी रिक्षा ठरवली. रिक्षावाल्याला आमचा बेत हिंदी, इंग्रजी आणि हातवारे मिळून समजावला. तो आधी हसला. मग स्वतःच गंभीर झाला आणि गठ्ठा हातात घेऊन त्याचे वजन पाहू लागला.

धनुष्कोडीचा रस्ता सरळसोट आहे. दोन्ही बाजूंना वाळू, पलीकडे समुद्र. रेल्वेची ती लाईन आता नाही. १९६४ च्या डिसेंबरात आलेल्या वादळाने धनुष्कोडी गाव, स्टेशन आणि प्रवाशांनी भरलेली एक गाडी, सगळे नेले. मोडके चर्च अजून उभे आहे. वादळाशी कलाम घराण्याची ओळख त्याहून जुनी. यात्रेकरूंना ने-आण करण्यासाठी जैनुलाब्दीन यांनी जलालुद्दीनला हाताशी धरून लाकडी नाव बांधली होती, पोरगा रोज जाऊन पाही. तीही अशाच एका तुफानात गेली.

मोकळी जागा पाहून रिक्षा पळवली. भाच्याने एकाच बाजूने सुतळी बांधलेला गठ्ठा बाहेर टाकला. वाळूवर आपटून तो सरकला आणि पत्त्यांसारखा पसरला. आम्ही तिघे आणि रिक्षावाला, चौघे कागदांमागे धावलो. बहिणीने ओढणी कमरेला खोचली होती. दुसऱ्या वेळी आडवी-उभी अशी सुतळी बांधली. गठ्ठा फुटला नाही, पण गडगडत बराच पुढे गेला. भाचा थोडा वेळ वाळूत बसून राहिला. मग म्हणाला, "गाडीचा वेग गठ्ठ्याला पण असतो ना? मग पुढं नाही, मागं फेकला पाहिजे. म्हणजे तेवढा वेग कमी होईल." नववीच्या पुस्तकात गतीचा धडा आहे, मार्क तिथेही चांगले आहेत. पण धडा आणि गठ्ठा यांची गाठ आज पडली. तिसऱ्या वेळी त्याने मागच्या दिशेने फेकला. गठ्ठा धपकन पडला आणि दोन-तीन कोलांट्या घेऊन थांबला.

रिक्षावाल्याने टाळी दिली. मग आपली शंका काढली, गाडी रिक्षापेक्षा जोरात जाते, त्याचे काय? त्यावर दोघांची जी चर्चा चालली ती कोणत्या भाषेत होती, अल्लाह जाणे.

रस्ता संपतो तिथे उभे राहिल्यावर मला शिवसुब्रमण्य अय्यर आठवले. हे शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, कर्मठ ब्राह्मण घरातले, पण विचाराने बंडखोर. एकदा त्यांनी फळ्यावर पक्ष्याचे चित्र काढून तो कसा उडतो ते समजावले. शेवटी विचारले, समजले का? दहा वर्षांचा कलाम म्हणाला, नाही समजले. आणखीही मुले म्हणाली, नाही. अय्यर रागावले नाहीत. सगळ्या वर्गाला समुद्रावर घेऊन गेले आणि उडणारे पक्षी दाखवले. पंख, शेपटी, वळताना काय होते, हे सगळे. आयुष्यात काय करायचे ते त्या संध्याकाळी ठरले, असे कलाम साहेब पुढे अनेकदा सांगत. याच अय्यरांनी त्याला घरी जेवायला बोलावले. बाईंनी मुसलमान मुलाला आपल्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात वाढायला नकार दिला. अय्यरांनी बायकोशी भांडण केले नाही. स्वतः वाढले, शेजारी बसून जेवले आणि निघताना पुढच्या आठवड्याचे आमंत्रण दिले. पुढच्या वेळी बाईंनी स्वतःच्या हाताने वाढले.

परतताना आम्ही रामनाथपुरमला उतरलो. लढाई संपल्यावर पोराने बेट सोडून हायस्कूलला जायचे ठरवले ते इथल्या श्वार्ट्झ हायस्कूलमध्ये. वालिदांनी अडवले नाही. शाळेत नाव घालायला आणि राहायची सोय लावायला बरोबर आले ते जलालुद्दीन आणि शम्सुद्दीन, एक ठेकेदार आणि एक पेपरविक्रेता. इथे पोराला घरची फार आठवण येई. विशेषतः आईच्या हातच्या पोळीची. ही तिकडची गोड पोळी, आपल्या पुरणपोळीची बहीण. अशा वेळी इयादुराई सॉलोमन या शिक्षकांनी त्याला धीर दिला, मोठे मागायला शिकवले. आम्ही पोहोचलो तेव्हा शाळा सुटली होती, फाटकातूनच पाहिली. बहिणीने तिथे एकच विचारले, "जोहराने बांगड्या कधी गहाण ठेवल्या?" मी सांगितले, पुढे मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेशाला हजारभर रुपये लागत होते तेव्हा, बांगड्या आणि साखळी. तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिले. मग गाडी येईपर्यंत फलाटावर ती कुवेतला फोनवर बोलत होती. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. मेहुणे नंतर मला एवढेच म्हणाले, "बारावीपर्यंत बघू."

गावी आल्यावर पहिल्या रविवारी मी कपाट उघडायला गेलो. किल्ली फिरेना. गंजलेले कुलूप शेवटी भाच्याने दगडाने तोडले. आतल्या निम्म्या पुस्तकांना वाळवी लागली होती. ती अंगणात काढली, उरलेली उन्हात घातली. जुहरनंतर चार मुले आणि दोन मुली आल्या. दोन मुले कॅरम आहे का विचारून निघून गेली. आठवीतली एक मुलगी माशांवरचे एक फाटके पुस्तक तासभर उभ्याने वाचत होती. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "चाचा, हे घरी नेलं तर चालेल?"

पुस्तके ऑफिसबाहेर न्यायची नाहीत, असा आमच्या कमिटीचा ठराव आहे, खाली सही माझीच. मी रजिस्टर शोधले. ते सापडेना, तेव्हा वह्यावाटपाच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर तिचे नाव लिहून घेतले.